चिंतामणीचे पाय आणि बळीरामचा हात

चिंतामणी ढोबळे पडला त्या दिवशी त्याला काहीच दुखत नव्हतं. नंतर किती जणांनी विचारलं तरी ही गोष्ट त्याला कोणाला पटवून देता आली नाही. माणूस पडतो म्हणजे चक्कर येते, ठेच लागते, छातीत कळ उठते. इथे तसलं काही नाही. दुपारच्या शिफ्टला निघालेला माणूस, हातात डबा, आणि अंगणात गाडीपाशी पोचायच्या आत दोन्ही गुडघे दुमडले. एखादी घडीची खुर्ची कोणी मिटून ठेवावी तसे.

आठवडाभर आधी वैशाली नगरातल्या एका लग्नाचं जेवण त्याला बाधलं होतं. पोट दोन दिवसांत ताळ्यावर आलं, पण मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. चिंतामणी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. उंचावरच्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली वितळलेल्या पोलादाचं भलंमोठं भांडं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी न हिंदकळता नेऊन ठेवायचं. उभी नोकरी त्याने याच कामात काढली होती. रिटायरमेंट तोंडावर आली होती. बोटांचं काय सांगत बसायचं, म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. बोटं दाबून धरली की चालत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी जीबीएस सांगितलं. पुण्यात साथ आली तेव्हा पेपरात नाव येत होतं, तोच आजार. अंगातली रोगाशी लढणारी पलटण चुकून आपल्याच नसांवर उलटते, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी हात गेले, मग चेहरा, मग श्वास. घशात नळी घालून त्याला मशीनवर ठेवलं.

मशीनवरच्या त्या दिवसांत त्याला सगळं ऐकू येत होतं. मथुरा, त्याची बायको, काचेपलीकडून यायची, ठरलेल्या वेळी आत येऊन कपाळावर हात ठेवायची. कपाळ तेवढं शिल्लक होतं, तिथे हात कळायचा. हैदराबादहून सिद्धांत आला. एकुलता एक मुलगा, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. तो पलंगाशी उभा राहून रडला. चिंतामणीने ते पाहिलं. आपल्याला आता वाईट वाटायला हवं, हे त्याला समजत होतं. तो वाट पाहत राहिला. वाईट वाटलं नाही. सिद्धांतच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं.

भीतीसुद्धा आली नाही. मशीन श्वास आत ढकलायचं, बाहेर काढायचं, आणि तो आपल्याच शरीराकडे दुसऱ्याची शिफ्ट चालू असल्यासारखा बघत पडून असायचा.

नळी निघाली, आवाज परत आला, आणि त्याला रुआबांध्यातल्या प्लांटच्या क्वार्टरमध्ये घरी आणलं. तोवर सिद्धांतची रजा संपून वर कितीतरी दिवस झाले होते. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसायचा, शेवटी त्यालाही जावं लागलं. समोरच्या खोलीत दवाखान्यासारखा पलंग आला. अंग पुसायला, कूस बदलायला एक माणूस ठेवला, तो चार दिवसांत दुसरीकडे लागला. मथुरा एकटी नवऱ्याला ओढून वर सरकवायची आणि मग भिंत धरून उभी राहायची.

अशात एका सकाळी बळीराम कापडी पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

बळीराम मथुराचा धाकटा भाऊ. गावातच, बोरसीला, एका खोलीत राहायचा, लग्न केलं नव्हतं. एकेकाळी त्याने एसटीडी बूथ चालवला, मग व्हिडिओ लायब्ररी, मग शेगड्या दुरुस्त केल्या. कुठलंही काम त्याच्याकडे फार टिकलं नाही आणि त्याचं त्याला काही वाटलेलं कोणी पाहिलं नाही. कोणाकडे हात मात्र त्याने कधी पसरला नव्हता. रोज पहाटे तो एका बागेत जायचा आणि झाडाखाली उभा राहून अगदी सावकाश हातवारे करायचा. एका रिटायर्ड बंगाली मास्तरांनी त्याला ते शिकवलं होतं. मास्तर वारले, शिकायला येणारे बाकीचे पांगले, बळीराम तेवढा जात राहिला.

चिंतामणीला हा साळा कधी पटला नव्हता. दिवाळीला आला की तो मथुराला म्हणायचा, "आला तुझा भाऊ, बागेत हवा ढकलून." आणि स्वतःच हसायचा. मथुरा हसायची नाही.

"मी राहतो इथं," बळीराम पिशवी कोपऱ्यात ठेवत म्हणाला. "भाऊजी, चालते ना?"

नाही म्हणायला चिंतामणीजवळ काही कारण नव्हतं, आणि हो म्हणायला इच्छा नव्हती.

बळीरामची सेवा काही फार टापटिपीची नव्हती. चहा बशीत सांडायचा. पाण्याचा पेला अर्धाच भरायचा. चमचा तोंडाशी नेताना वरण चिंतामणीच्या हनुवटीवर जायचं, कधी मानेवर. हनुवटीवर काय सांडलं ते त्याला कळतच नव्हतं, मानेवरचं कळायचं. पण बळीराम घाई करायचा नाही. कूस बदलायची असली की आधी सांगायचा, मग चिंतामणीचा श्वास बाहेर पडेपर्यंत थांबायचा आणि त्याच वेळी त्याला वळवायचा. अंग आपोआप वळल्यासारखं वळायचं. मथुराला ते इतक्या वर्षांच्या संसारात जमलं नव्हतं आणि दवाखान्यातल्या वॉर्डबॉयलाही नाही.

प्रेरणा नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट रोज यायची. घरात मराठीच बोलत असावी, पण या हिंदी मुलखात वाढलेली, दोन वाक्यांनंतर हिंदीत घसरायची. "अंकल, नसा आपल्या चालीनं वाढतात. जबरदस्ती मत करो. जास्ती जोर लावला तर उलटं होते, जे आलं ते पण जाईल."

चिंतामणीला हे ऐकवत नसे. जोर लावायचा नाही तर लावायचं काय? त्याच्या आयुष्यात जे झालं ते जोर लावूनच झालं होतं. रात्रपाळ्या केल्या, पोराला शिकवलं, बहिणीचं लग्न लावलं. तो पांघरुणाखाली गुपचूप पायांना हुकूम सोडत राहायचा. मांड्यांत आणि खांद्यांत थोडी जान आली होती. पावलं मात्र दुसऱ्या कोणाची तरी वाटायची, पलंगाच्या टोकाशी कोणी विसरून गेलेली.

एके दिवशी दुपारी मथुरा बँकेत गेली होती. बळीराम स्वयंपाकघरात होता. चिंतामणीला पलंगाशेजारी खुर्चीत बसवलेलं होतं. त्याने ठरवलं, आज उभं राहायचंच. खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून त्याने अंग वर उचललं. क्षणभर तो खरोखर उभा होता. मग खुर्ची मागे गेली आणि तो पुढे.

आवाज ऐकून बळीराम धावत आला. त्याने चिंतामणीला उताणं केलं, डोकं तपासलं, कुठे लागलं का पाहिलं. मग काखेत हात घालून उचलायला लागला. एकदा उचलला, सुटला. दुसऱ्यांदा उचलला, पुन्हा सुटला.

"उचल ना बे!"

"नाही जमत, भाऊजी."

"जोर लाव."

"जोर हाय. पकड नाही राहत."

बळीरामने उजवा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. हात थरथरत होता. दमल्यावर थरथरतो तसा नाही. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासली जात होती, जणू बळीराम न दिसणारी तंबाखू मळतोय. चिंतामणीने तो हात यापूर्वी शंभरदा पाहिला असेल, पण चमच्यामागे, पेल्यामागे. आज तो रिकामा होता आणि त्याच्या नाकासमोर होता.

"हे कधीपासून?"

"सिद्धांतच्या लग्नाआधीपासून. पार्किन्सन म्हणते डॉक्टर."

"मले वाटे का तू पितो."

"सगळ्यायलेच वाटते," बळीराम म्हणाला. "मंग मी बी नाही सांगत. पितो म्हटलं का लोक एका मिनटात सोडून देतात. बिमारी म्हटलं का अर्धा घंटा बसवून घेतात."

त्याने शेजाऱ्यांना हाक मारायचा विचार केला असावा, कारण दाराकडे एकदा पाहिलं. भर दुपार होती, आजूबाजूची पुरुषमंडळी ड्यूटीवर. मग त्याने पलंगावरची उशी काढून चिंतामणीच्या डोक्याखाली सरकवली आणि स्वतः त्याच्या शेजारी फरशीवर आडवा झाला.

"तू कावून झोपला?"

"ताई येईल. दोघं मिळून उचलू. तवर पडून राहू."

पंखा फिरत होता. पलंगाखाली धूळ साचली होती आणि भिंतीला खालच्या बाजूने ओल आली होती. या घरात इतकी वर्षं राहून चिंतामणीने ती ओल पाहिली नव्हती. तिकडे बघतच त्याने विचारलं,

"तुझे मास्तर तुले काय शिकवत?"

"ताओ म्हणत ते त्याले."

"म्हणजे?"

"वाट. चीनमधल्या जुन्या लोकायचं हाय. पुस्तकातलं मले नाही समजलं, भाऊजी. मास्तर एवढंच सांगत का जिकून जोर येते तिकडं जोर लावू नको. जागा दे."

"आन् मंग?"

"मंग काही नाही. जागा दिली."

चिंतामणीला हे एरवी हास्यास्पद वाटलं असतं. आता हसायला गाल हलत नव्हते आणि आतूनही काही येत नव्हतं. त्याने विचारलं, "भेव नाही वाटत तुले? एकटा राहतो. उद्या बटण नाही लागणार, परवा घास नाही जाणार."

"वाटते ना. लय वाटते." बळीराम छताकडे बघत होता. "कधी कधी तर हात उशीखाली दाबून ठेवतो, जसं का दाबल्यानं ते बंद होईल. तुमाले?"

डॉक्टरांनी विचारलं होतं, मथुराने विचारलं होतं, फोनवर सिद्धांत रोज विचारायचा. सगळ्यांना तो "ठीक हाय" सांगायचा.

"मले काहीच नाही वाटत," तो म्हणाला. "पायासारखंच झालं सगळं. पोरगं माह्यासमोर रडत होतं. मी नुसता पाहून राहिलो. मथुरा इतकं करते, तिच्याकडं पाहतो, तरी काही नाही. आतमधून खाली झालो मी, पार रिकामा, बळीराम. मी खराब माणूस हाय का?"

"मालूम नाही," बळीराम म्हणाला.

असं काही नसतं, सगळं ठीक होईल, हे त्याने म्हटलं नाही. तो फक्त म्हणाला, "राहू द्या ना तसंच. खाली हाय तर खाली. त्याले बी ओढू नका."

बोलता बोलता तो कुशीवर वळला आणि त्याचा हात चिंतामणीच्या खांद्यावर पडला. खांद्याला स्पर्श कळत होता. हाताची ती बारीक थरथर खांद्यातून गळ्यापर्यंत येत होती, दूर कुठेतरी गाडी जाताना जमीन जाणवते तेवढीच. बळीरामने हात काढून घेतला नाही. चिंतामणीनेही काढ म्हटलं नाही.

मथुरा आली ती दोघांना जमिनीवर पाहून ओरडलीच. पिशवी टाकून धावत आली. "काय झालं? अहो! बळी, तुले काय झालं?"

"काही नाही वं ताई. पडलो आमी."

तिने शेजारच्या बाईंना बोलावलं, तिघांनी मिळून चिंतामणीला पलंगावर घातलं. शेजारीण गेल्यावर चिंतामणी बायकोला म्हणाला, "त्याचा हात पाह्य." बळीराम नको नको म्हणत होता. पण चिंतामणीने सांगून टाकलं.

मथुरा भावाच्या हाताकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. "मले कावून नाही सांगत कोणी काही? हे बोटायले मुंग्या येऊन क्रेनवर जातात, तू हात घेऊन तिकडं एकटा राहतो! मी का दगड हाय का?"

ती आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग कशाचाच नाही. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि एक हात कमरेवर होता.

"आता ऐका," ती म्हणाली. "माही कंबर गेली. खाली वाकलं का पायापर्यंत चमक येते. दवाखान्यात होते तवापासून. मी बी सांगितलं नव्हतं." आणि ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसली.

थोड्या वेळाने बळीरामने चहा टाकला आणि मथुराने त्याला कपात ओतू दिला नाही, स्वतः ओतला.

त्या पडण्याने चिंतामणी पंधरवडाभर मागे गेला. प्रेरणाने मनसोक्त झापलं. "मैंने बोला था ना अंकल? नाही ऐकत तुम्ही." पण त्यानंतर त्याने पायांना हुकूम देणं सोडलं. ते सोडल्याने बरं वाटलं असं नाही. नुसतं एक काम कमी झालं.

घरातलं काम मात्र वेगळ्या पद्धतीने चालू लागलं. कंबरेमुळे मथुरा वाकायची नाही, वाकायचं काम बळीरामकडे आलं. पकडायचं, ओतायचं, बटण लावायचं काम मथुराकडे. दोघांची बटणं लावून ती म्हणायची, "आता शाळेत जा." जेवण भरवायचं काम बळीरामकडेच राहिलं, कारण मथुरा शेजारी उभी राहून दमायची. एकदा वरण नेहमीप्रमाणे सांडायला लागलं तेव्हा चिंतामणी म्हणाला, "माहा हात ठेव तुह्या मनगटावर." त्याचा हात अजून शिशासारखा जड होता, आपण होऊन उठत नव्हता. बळीरामने तो उचलून आपल्या मनगटावर ठेवला. त्या वजनाने थरथर थोडी बसली. चमचा तोंडापर्यंत पोचला. हे कधी जमायचं, कधी दोन्ही हात घसरून ताटात जायचे. मग मथुरा दोघांवर ओरडायची.

रिटायरमेंटचा दिवस पलंगावरच आला. डिपार्टमेंटची माणसं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आली. शुभम नावाचा नवा ऑपरेटर, ज्याला चिंतामणीनेच तयार केलं होतं, पाया पडला. "सर, आपके बिना केबिन सूना है," म्हणाला. त्याने ज्या पावलांवर डोकं ठेवलं त्यांना त्याचा पत्ता नव्हता. चिंतामणीचा उजवा डोळा अजून पुरता मिटत नव्हता, त्यातून पाणी वाहायचं. लोकांना वाटलं तो रडतोय. दोघातिघांनी पाठीवर हात ठेवला, एकाने स्वतःचे डोळे पुसले. चिंतामणीने खरं सांगितलं नाही. त्यांना जे वाटत होतं ते वाटू दिलं. गेल्यावर बळीरामने रुमालाने त्याचा डोळा टिपला आणि विचारलं, "खरंच होतं का?"

"नाही रे. डोळा हाय तो."

"मले बी तसंच वाटलं," बळीराम म्हणाला.

याने चिंतामणीला एकदम हलकं वाटलं. आनंद नव्हे. पण या घरात एक माणूस होता ज्याच्यापुढे काही वाटल्याचं सोंग आणावं लागत नव्हतं, आणि बायकोपुढेही ते हळूहळू कमी होत चाललं होतं. त्या आठवड्यात सिद्धांतचा फोन आला तेव्हा "ठीक हाय" म्हणायच्या ऐवजी तो म्हणाला, "पाय नाही आले अजून. मन बी नाही आलं. तू फोन करत राह्य मात्र." मग सिद्धांत म्हणाला, "पप्पा, मेरा भी यहाँ मन नहीं लगता," आणि ऑफिसच्या, घरच्या अशा गोष्टी सांगत बसला ज्या त्याने कधी सांगितल्या नव्हत्या. चिंतामणीने मध्ये एकही सल्ला दिला नाही. फोन गरम झाला म्हणून मथुराने तो दुसऱ्या कानाला लावून दिला.

उन्हाळा संपता संपता तो वॉकर धरून अंगणापर्यंत जाऊ लागला. हातांत चमचा धरण्याएवढी ताकद आली. पावलं तशीच बधिर राहिली. जमीन आहे हे त्याला डोळ्यांनी पाहून ठरवावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, येतील, नाहीतर एवढ्यावर थांबेल, सांगता येत नाही.

बळीरामच्या हाताची थरथर मात्र वाढत गेली. आता डावाही हलू लागला होता. त्याला डॉक्टरला दाखवायचं होतं त्या दिवशी चिंतामणी म्हणाला, "मी येतो संग." मथुराने दोघांना ऑटोत बसवून दिलं. दवाखान्यात नर्सने वॉकरवाल्याकडे पाहिलं, थरथरणाऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कौन है?" बळीराम हसला. चिंतामणी म्हणाला, "आज ये है." औषध वाढवून मिळालं.

परतताना ऑटो बोरसीवरून घ्यायला लावला. बळीरामची खोली चिंतामणीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिली. एक गादी, एक शेगडी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. बटणांचे शर्ट एका बाजूला ढकललेले आणि पुढे नुसते टी-शर्ट. चिंतामणी दारातल्या खुर्चीत बसला. बळीराम कपडे पिशवीत भरत होता, घडी नीट होत नव्हती, तो पुन्हा उलगडून घालत होता.

"कपडे सगळेच घे," चिंतामणी म्हणाला. "खोली सोडून दे."

"पाहू."

"पाहू नाही. मले सांडल्याशिवाय जेवण जात नाही आता."

बळीरामने मान वर केली नाही. "उद्या मी तुमाले उचलू शकणार नाही, भाऊजी. मलेच उचला लागन."

"मंग पडून राहू," चिंतामणी म्हणाला.

हे बोलताना आपल्या आत काही हललं का, म्हणून तो थोडा वेळ स्वतःकडे बघत थांबला. काही कळलं नाही. त्याने ते ओढून पाहिलं नाही. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवू लागला, तेव्हा त्याने एक हात वॉकरवरून काढून पुढे केला. बळीरामने पिशवीचा एक बंद त्यात दिला, दुसरा स्वतः धरला, आणि दोघं उंबऱ्यापाशी आले. चिंतामणीने खाली पाहून आधी पायरी कुठे आहे ते ठरवलं.

"उतरा," बळीराम म्हणाला. "सावकाश."

"तू बी."

पिशवी दोघांच्या मध्ये हलत होती. त्यांना ऑटोपर्यंत जायला बराच वेळ लागला.